आधी सत्कार, मग माफी

सुमे, तुझ्या सावडण्याला माईक होता.

तुला याचं आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडायला गाव नदीकाठी जमतं आणि त्या राखेभोवती पुढाऱ्यांची भाषणं होतात, हे तू आयुष्यभर पाहिलंस. तू स्वतःही अशा ठिकाणी बोलली आहेस, आणि घरी आल्यावर मला फोन करून म्हणाली आहेस, "आज एका मेलेल्या मानसापुढं खोटं बोलून आले गं. त्याला ऐकू येत न्हाई म्हून बरं." परवा तुझी पाळी होती.

तुझ्या पक्षाच्या एका माजी आमदारांनी तुला रणरागिणी म्हटलं. दुसऱ्या एकांनी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं आणि ती भरून निघणार नाही, याची ग्वाहीही दिली. सत्तेतल्या पक्षाचे लोकही आले होते. त्यांनी तर तुझ्या माणसांपेक्षा जास्त कौतुक केलं. विरोधी पक्षातला मेलेला माणूस सत्ताधाऱ्यांना फार आवडतो. तुझा थोरला भाऊ, महादेवदादा, टॉवेल खांद्यावर टाकून लांब बाभळीखाली उभा होता. तो काहीच ऐकत नव्हता. पाण्याकडे बघत होता. तुझ्या कोरड्या माहेराहून नदी बघायला आलेला माणूस पाण्याकडे जसा बघतो, तसा.

तुझा आजार, तुझी पदं, तुझी मुलं कुठे असतात, हे सगळं पेपरात आलंय. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचंय.

सांगलीच्या कॉलेजात आपण एका खोलीत राहायचो, तेव्हापासून तुला राजकारणाची हौस आणि मला राजकारणावर हसायची. मी पुढे राज्यशास्त्र शिकवलं, म्हणजे पगार घेऊन हसले. तू कवठे महांकाळच्या पलीकडच्या कोरड्या रानातून कुंडलजवळच्या उसाच्या घरात सून म्हणून गेलीस आणि पक्षात पडलीस. कित्येक वर्षं तू महिला आघाडीत होतीस. आघाडी म्हणजे सभेला पुढच्या रांगेत बसायचं, पाहुण्यांना ओवाळायचं आणि भाषणं सुरू झाली की मागे व्हायचं, अशी तूच मला व्याख्या दिली होतीस.

मग तुझा पक्ष हरला. असा हरला की तालुक्याच्या कार्यालयातल्या चांगल्या खुर्च्यासुद्धा सत्तेकडे गेल्या. ज्यांच्या होत्या, त्यांनी त्या नेल्या आणि स्वतःही गेले. तालुकाध्यक्ष व्हायला कुणी तयार होईना. तेव्हा पक्षाला अचानक महिलांच्या सन्मानाची आठवण झाली. मी तुला फोनवर म्हणाले, "घर पडायला आलं की चावी बाईच्या हातात देतात." तू हसलीस आणि म्हणालीस, "व्हय. पर चावी मिळाली न्हवं?"

मी ते गमतीत घेतलं. तू घेतलं नव्हतंस, हे मला पुढे कळलं.

त्यानंतर वाईजवळच्या एका मंगल कार्यालयात सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांचं चिंतन शिबिर झालं. दुपारी तुझा फोन आला. "आगं, हरल्याचं चिंतन चाललंय आन् पंगतीला बासुंदी हाय. जिंकलो आस्तो तर काय केलं आस्तं यांनी?" तू सांगितलंस की सकाळपासून पराभवाची कारणं सांगितली जातायत. मशीन, पैसा, जात, पेपरवाले, अवकाळी पाऊस. सगळ्यांची नावं झाली, लोकांचं नाव कुणी घेतलं नाही.

चहाच्या आधी तू उभी राहिलीस. तू विचारलंस, की माझ्या माहेरच्या गावात आपण कालव्याचं भूमिपूजन केलं, नारळ फोडला, दगड बसवला, दगडावर आपली नावं आहेत. कालवा अर्धा खोदून सोडला. आता त्याच कालव्यासाठी आपण सरकारविरुद्ध मोर्चा काढणार आहोत. तर आधी गावाची माफी मागायला नको का?

जिल्हाध्यक्ष म्हणाले, "ताई, विरोधी पक्षानं मागणी करायची असते, माफी मागायची नसते. माफी मागितली की आपण केलं असं सिद्ध होतं."

तू म्हणालीस, "मग कुनी केलं, सायेब?"

आणि चहाची सुट्टी वेळेआधी जाहीर झाली.

हे सगळं तुझ्यासाठी पक्षाच्या प्रतिमेबद्दल नव्हतं. ते महादेवदादाबद्दल होतं, हे मला तू माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलंस. त्या भूमिपूजनाला डोक्यावर कलश घेतलेल्या बायांच्या पुढे तू होतीस. माहेरची लेक म्हणून तुला बोलायला लावलं होतं, आणि तू बोललीस की हे पाणी येणार, माझा शब्द. गावाला पुढाऱ्यांच्या शब्दाची किंमत ठाऊक होती. पण पारावर दादा उठून म्हणाला होता, "माजी भन खोटं बोलत न्हाई." पाणी आलं नाही. कोरड्या कालव्यात पोरं क्रिकेट खेळायला लागली. आणि दादा पारावर गेला की कुणीतरी विचारायचं, "म्हादबा, भनीला इचार की, पानी कुठवर आलंय?" रागानं नाही, हसत. दादानं पारावर जाणं सोडलं. भाऊबीजेला तो तुझ्याकडे यायचा, जेवायचा, पाटावरून उठायचा आणि पहिल्या गाडीनं परत जायचा. कालव्याचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही. तू म्हणालीस, "शिव्या घातल्या आस्त्या तर बरं झालं आस्तं गं."

मी तेव्हा तुझ्याशी वाद घातला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मी म्हणाले, जिंकलेल्यानं माफी मागितली तर लोकांना मोठेपणा दिसतो, हरलेल्यानं मागितली तर मतांसाठीचा अर्ज दिसतो. शिवाय तुझा पक्ष माफीचाही सोहळा करील. तू शेवग्याच्या शेंगा मोडत होतीस. म्हणालीस, "तुजं बरोबर आसंल. पर दादा पारावर जात न्हाई, त्याचं मी काय करू?"

तू माहेरी जाऊन माफी मागायचं ठरवलंस. मीही तुझ्याबरोबर आले. तमाशा बघायला आले होते, असंच म्हण.

आणि तमाशा होताच! गावाच्या वेशीवरच फ्लेक्स होता. "भव्य जाहीर माफी मेळावा." खाली प्रमुख उपस्थिती. वर राज्याच्या नेत्यांचे चेहरे, मध्ये जिल्ह्याचे, आणि कोपऱ्यात नमस्कार करणारी तू. मंडप होता, स्टेज होतं, स्टेजवर सोफा होता. मंडपाच्या दाराशी हलगीवाला होता. आणि तुझा युवक अध्यक्ष सचिन, ज्याच्या कानशिलावर केव्हाचं पांढरं दिसतंय, फेट्यांचा ढीग घेऊन उभा होता. तुम्ही सगळ्यांनी आयुष्यात एकच प्रकारचा कार्यक्रम केला होता. त्यामुळे माफी मागायची ठरल्यावर तुमच्या कार्यकर्त्यांनी जे येत होतं ते केलं.

"सच्या, हे काय रं?"

"वैनी, कायबी कमी पडू दिलं न्हाई. आधी सत्कार, मग माफी. सूत्रसंचालन मीच करतोय."

"सत्कार कुनाचा?"

"तुमचाच की! माफी मागनाऱ्याचा. आवं, माफी हाय म्हून काय साधं करायचं व्हय?"

मला हसू आवरेना. सुमे, मी पदराआड हसत होते आणि मनात म्हणत होते, जिंकले मी. तू माझ्याकडे बघितलंस, आणि तुलाही हसू आलं. मग तू हलगीवाल्याला म्हणालीस, "पावनं, चा पिऊन या." सचिनला वेशीवरचा फ्लेक्स उतरवायला लावलास. तो स्टेजपुढच्या मातीत पालथा अंथरलास आणि त्यावर म्हाताऱ्या बायांना बसवलंस. सगळे नेते तोंड मातीत घालून खाली, वर गावची म्हातारी काशीआत्या आणि तिच्या मैत्रिणी. मी पुष्कळ राजकीय विचार शिकवलाय, पण नेत्यांचा इतका चांगला उपयोग कुणी सुचवल्याचं आठवत नाही.

तू स्टेजवर गेली नाहीस. खाली, लोकांच्या समोर मातीत बसलीस. माईक घेतला नाहीस. आणि बोललीस.

त्या दिवशी तू काय बोललीस ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण मी त्याआधी असं काही ऐकलं नव्हतं. तू म्हणालीस, "म्या शब्द दिला हुता, पानी येनार. न्हाई आलं. कालवा अर्धा ऱ्हायला तवा सरकार आमचंच हुतं. पैसं दुसरीकडं वळलं, हे मला कळलं हुतं. मी गप बसले. का? तर मला जिल्हा परिषदेचं तिकीट पायजे हुतं." मग जरा थांबून म्हणालीस, "ते बी मिळालं न्हाई."

मागून कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. तू म्हणालीस, "हासा. हासन्यासारखंच हाय."

मी हसायची थांबले होते. सुमे, मी थक्क झाले होते. माझ्यासारख्या बाईला थक्क व्हायची सवय नसते, त्यामुळे काय करायचं ते कळेना. सत्तेत असताना खरं दडपणारे पुष्कळ पाहिलेत. विरोधात गेल्यावर दुसऱ्यांचं खरं बाहेर काढणारेही पाहिलेत. स्वतःच्या लबाडीचं कारण स्वतःच्या तोंडानं, आणि तेही इतकं क्षुद्र कारण, माहेरच्या माणसांपुढे सांगणारं कुणी मी पाहिलं नव्हतं. आपली चूक मोठी करून सांगणारे असतात. त्यात एक ऐट असते. तू ती जेवढी होती तेवढीच सांगितलीस.

एक बाप्या उठून म्हणाला, "मग आता काय पायजे? मत?"

"न्हाई. बोलायचं आसंल ते बोला. मी बसले हाय."

आणि ते बोलले. दुपार कलली तरी बोलत होते. पाण्यापासून सुरू झालं ते रस्ता, दवाखाना, कुणाची बदली, कुणाच्या लग्नाला न आलेला आमदार, इथपर्यंत गेलं. काशीआत्या तुझ्या आईचं नाव काढून बोलली, तेव्हा तुझा चेहरा पडला. सचिनचे कान लाल झाले होते. तो दोनदा "आवं पर" म्हणून उठला, आणि दोन्ही वेळा तू त्याच्या बाहीला धरून खाली बसवलंस. कित्येक लोक मध्येच उठून गेले. जाताना धोतर झटकत, मोठ्यानं खाकरत. त्यांना जाताना दिसायचं होतं.

महादेवदादा मागे खांबाला टेकून उभा होता. तोही गेला. परतीच्या गाडीत तूच म्हणालीस, "तुला काय म्हनायचंय ते म्हन." मी म्हणाले, "उद्या म्हणते."

पुढे तू दर बाजाराच्या दिवशी तिथं जाऊ लागलीस. झेंडा नाही, गाडी नाही, एसटीनं. देवळाच्या पायरीशी बसायचीस. कुणी आलं तर त्याच्याबरोबर पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात जायचीस, कुणी नाही आलं तर भाजी घेऊन परत. जिल्ह्यातून निरोप आला की मोर्चाला माणसं जमव. तू कळवलंस, जमतील तेव्हा सांगते. त्यांना वाटलं तू संपलीस. मलाही वाटलं होतं.

मग कालव्याचं राहिलेलं काम सरकारनं घाईनं उरकलं आणि पाण्याचं एक आवर्तन सोडलं. निवडणूक जवळ आली होती, एवढंच त्याचं कारण. पाणी गावाच्या टोकापर्यंत पोचलं, थोडंच, पण पोचलं. सत्ताधाऱ्यांचे फ्लेक्स लागायच्या आत सचिननं आपला लावला. "जलदायिनी सुमनताई." त्यानं ते प्रेमानं केलं होतं, हे मला मान्य आहे. त्यानं तुझा फोटोही चांगला निवडला होता.

आपण दोघी तिथं पोचलो आणि तू म्हणालीस, "सच्या, हे पानी मी आनलं?"

"तुमी न्हाई तर कुनी, वैनी? दर बाजाराला कोन येत हुतं?"

"मी येत हुते. पानी त्यांनी सोडलं. उतरव."

सचिन रुसून निघून गेला. मग तूच शिडी मागवलीस, या वयात, त्या गुडघ्यांनी. दोन पायऱ्या चढलीस आणि शिडी हलायला लागली. मी ओरडणार, तेवढ्यात ती थांबली. महादेवदादानं खालून धरली होती. तो कधी आला ते मला दिसलं नाही. तू वरून बघितलंस. तो म्हणाला, "दोरी डावीकडनं सोड. उजवीकडची गाठ बसलीया." एवढंच बोलणं झालं तुमचं. तू डावीकडून सोडलीस. फ्लेक्स खाली आला, आणि त्यानं त्याची घडी केली.

निवडणूक तुझा पक्ष पुन्हा हरला. तुझ्या माहेरच्या गावातही हरला. रात्री मी फोन केला, आणि मला राहवलं नाही. "सांगितलं होतं," म्हणाले. तू म्हणालीस, "व्हय गं, सांगितलं हुतंस. पर आज निकाल ऐकायला दादा पारावर बसला हुता. लोकास्नी चा पाजत हुता." तुझ्या आवाजात हरलेल्या बाईचं काहीच नव्हतं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ हातातलं पुस्तक त्याच पानावर उघडं राहिलं.

आपला वाद तिथंच थांबलाय. माझं म्हणणं असं की एका भावाचा विश्वास परत मिळाला म्हणजे पक्षावरचा विश्वास परत आला असं होत नाही. तुझं म्हणणं असं की पक्ष म्हणजे वेगळं काय असतं? पुढच्या महिन्यात तू सांगलीला आल्यावर आपण यावर भांडणार होतो. मी मुद्दे काढून ठेवले होते. चांगले होते गं. आता ते कुणाला सांगू?

काल तुझ्या माहेरच्या लोकांनी त्यांची स्वतःची शोकसभा ठेवली. मी एसटीनं गेले. देवळापुढे लोक मातीत बसले होते, माईक नव्हता. काशीआत्या रडत होती, आणि मध्येच थांबून तुझ्या हट्टीपणाच्या गोष्टी सांगत होती. सचिन पाणी वाटत होता. तेवढ्यात गाड्या आल्या. जिल्हाध्यक्ष उतरले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पुढाऱ्याला मरणाला बोलावणं लागत नाही.

ते उभे राहिले आणि सुरू झाले, "सुमनताईंच्या जाण्यानं पक्षाची कधीही भरून न..."

महादेवदादा जागेवरूनच म्हणाला, "सायेब, तिचं आमास्नी म्हाईत हाय. फुडचं पानी कवा?"

जिल्हाध्यक्ष थांबले. मी या माणसाला अनेक वर्षं ओळखते. अशा वेळी काय करायचं ते त्यांना चांगलं येतं. आश्वासन द्यायचं, सरकारवर तुटून पडायचं, घड्याळ बघायचं. मी तिन्हींपैकी एकाची वाट बघत होते. त्यांनी चप्पल काढली, दादासमोर खाली बसले आणि म्हणाले, "मला माहीत नाही." मग खाली बघत म्हणाले, "कालवा अर्धा सोडला तेव्हा मी त्या बैठकीला होतो. मीही गप्प बसलो. ताई वाईला हेच म्हणत होत्या. मी त्यांना बोलू दिलं नाही."

निवडणुका आहेत, सुमे, नेहमीच असतात. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आणि मी कुणाच्या मनाला जामीन राहत नाही. पण ते वाक्य बोलताना त्यांचा आवाज भाषणाचा नव्हता. साठीतल्या एका थकलेल्या माणसाचा होता. मी थक्क व्हायची दुसरी वेळ.

दादानं त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हां. आता फुडं बोला."

ते बोलले. फार काही नव्हतं. अडखळत बोलले, सवयीनं पीएकडे वळून बघितलं, पण पीए गाडीतच होता. मध्ये एकदा चुकीचा आकडा सांगितला आणि काशीआत्यानं तो दुरुस्त केला. मी त्यांचं ऐकतच नव्हते. मी लोकांकडे बघत होते, कोण धोतर झटकतंय, कोण खाकरतंय ते.

कुणीही उठलं नाही.